सिस्टिक फायब्रोसिस

सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मापासून असणारा आनुवंशिक आजार आहे. यात शरीरातले स्राव घट्ट व चिकट होऊन फुप्फुसे, स्वादुपिंड, यकृत आणि आतडी यांतील मार्ग तुंबतात. घाम मात्र नेहमीपेक्षा खूप खारट होतो.

मूळ दोष सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर या जनुकात असतो. लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॉन रिऑर्डन या संशोधकांच्या गटांनी तो १९८९ मध्ये शोधला. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशींच्या आवरणातून क्लोराइडची ने-आण करते. ते बिघडले की फुप्फुसांतल्या कफातले पाणी कमी होते. घामाच्या ग्रंथीत हेच प्रथिन मीठ परत शोषून घेते, त्यामुळे ते बिघडले की तिथे मीठ घामावाटे वाहून जाते. आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. दोघेही वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले) असून स्वतः ठणठणीत असतात. प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक. आते-मामे भावंडांच्या लग्नात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. गरोदरपणातल्या खाण्यापिण्याशी याचा काहीही संबंध नाही, त्यामुळे आईला बोल लावणे सर्वस्वी चुकीचे आहे.

काही बाळांना जन्मतःच घट्ट विष्ठेमुळे आतड्यात अडथळा येतो. पुढे सतत खोकला, वारंवार न्यूमोनिया, तेलकट व दुर्गंधीयुक्त शौच, आणि भूक चांगली असूनही वजन न वाढणे अशी लक्षणे दिसतात. साचलेल्या कफात स्यूडोमोनास जिवाणू ठाण मांडतात. बहुतेक पुरुष रुग्णांत शुक्रवाहिन्या तयारच होत नाहीत. उन्हाळ्यात मीठ कमी होऊन बाळ एकाएकी मलूल पडू शकते. भारतासारख्या उष्ण देशात हे लक्षण फार महत्त्वाचे आहे.

हा केवळ गोऱ्या लोकांचा आजार, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. त्यामुळे अशा मुलांवर दमा किंवा क्षयाचे उपचार होत राहतात आणि मोलाची वर्षे जातात. खरे तर निदानाची मुख्य चाचणी साधी आहे. पायलोकार्पिन हे औषध सौम्य विद्युतप्रवाहाने हाताच्या त्वचेत सोडून घाम आणतात आणि त्यातले क्लोराइड मोजतात. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून अधिक आल्यास आजाराची दाट शक्यता, ३० ते ५९ संशयास्पद. १९४८ च्या उष्णतेच्या लाटेत न्यूयॉर्कमध्ये अशी मुले कोलमडलेली पाहून पॉल दि सांत'आग्नेसे या डॉक्टरांना घामातल्या मिठाचा दुवा सापडला होता.

निदान पक्के करण्यासाठी जनुकचाचणी करतात. सीएफटीआर जनुकातले दोन हजारांहून अधिक बदल ज्ञात आहेत. युरोपीय रुग्णांत सर्वाधिक आढळणारा एफ५०८डेल हा बदल भारतीयांत तुलनेने कमी दिसतो. त्यामुळे मोजकेच बदल तपासणारी चाचणी निर्दोष आली तरी आजार नाही असे ठरत नाही, संपूर्ण जनुक वाचावा लागतो. घरात एका मुलाचे निदान झाले, की लक्षणे नसली तरी त्याच्या सख्ख्या भावंडांचाही घाम तपासतात.