एसटीपीत (सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) गूळ किती टाकायचा?

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांकडून आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कल्चर पावडर, म्हणजे सांडपाणी पचवणाऱ्या जिवाणूंची पूड, टाकल्यावर सुरुवातीचे काही दिवस गूळ द्या, असं आम्हीच सांगतो. मात्र तो कशासाठी, हे समजलं की हात आपोआप आखडता होतो.

गुळातली साखर जिवाणूंना फारशी मेहनत न करता पचते. ग्लुकोजच्या रेणूत 6 कार्बन. पेशीत त्याचे 3-3 चे दोन तुकडे होतात, पुढे 2-2 चे. यातला काही कार्बन ऑक्सिजनबरोबर जळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि ऊर्जा देतो. उरलेल्यातून नव्या पेशी बांधल्या जातात. हवा भरपूर असेल तर हा वाटा साधारण निम्मा-निम्मा. टाकीतला तपकिरी गाळ म्हणजे बहुतांशी याच पेशी.

व्हिनेगरमधल्या ॲसिटेटमध्ये 2 च कार्बन. पेशीत ऊर्जा काढण्याच्या नेहमीच्या चक्रात तेही जळून जातात, मग पेशी बांधायची कशातून? त्यासाठी जिवाणू आडवाटेने जातात. ग्लायॉक्झिलेट चक्र नावाची ही वाट कोर्नबर्ग आणि क्रेब्ज यांनी 1957 साली दाखवली. मिथेनॉलमध्ये तर 1 च कार्बन, आणि तो पचवणाऱ्या जाती मोजक्या. गूळ सोयीचा, तो यामुळे.

पण गुळात जवळपास नुसता कार्बनच. वाढीला 100 भाग बीओडीमागे (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) 5 भाग नायट्रोजन आणि 1 भाग फॉस्फरस लागतो. सांडपाण्यात हे दोन्ही पुरेसे असतात. गूळ ओतत राहिलात तर तोकडे पडतात. मग गाळ बुळबुळीत होतो, तळाशी बसत नाही. एका सोसायटीत ऑपरेटर रोज अख्खी ढेप सोडायचा, वर रात्री वीज वाचवायला टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद. सकाळी कुजक्या अंड्यांचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत! हवा नसली की साखरेची आम्लं होतात आणि सल्फेटपासून या वासाचा वायू तयार होतो. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा. ब्लोअरवर काटकसर नको, हे आमचं ठाम मत.

एअरेशन टाकीतलं (जिथे हवा सोडतात त्या टाकीतलं) पाणी लिटरच्या मोजपात्रात घ्या, 30 मिनिटं हलवू नका. गाळ खाली, वर नितळ पाणी दिसलं तर गूळ बंद.

मे महिन्यात किंवा गणपतीला निम्मी सोसायटी गावी जाते, सांडपाणी घटतं आणि उपाशी जिवाणू स्वतःचाच साठा संपवू लागतात. तेव्हा मात्र थोडा गूळ, पाण्यात विरघळवून, रोज ठरल्या वेळी. किती, ते टाकीच्या मापावर. फोन करून विचारा.