शंकरपाळीतून निघणारा दुसरा बाण

फ्लोचार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्या खुणांनी आणि बाणांनी दाखवणारी आकृती, शिकवायची सुरुवात बहुतेक ठिकाणी चहापासून होते. पाणी ठेवा, उकळलं का बघा, साखर घाला. मला ते उदाहरण पुरत नाही. चहात एखादी पायरी मागेपुढे झाली तरी कपात काहीतरी येतंच, आणि आकृती कुठे चुकली ते मुलांना दिसत नाही. म्हणून सदाशिव पेठेतल्या आमच्या शनिवारच्या कॉम्प्युटर क्लासात मी कापरेकरांपासून सुरुवात करतो.

द. रा. कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि पुढे देवळालीला शाळेत शिक्षक झाले. १९४९ साली त्यांनी एक गंमत दाखवून दिली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४वर पोचता, आणि तिथून हलत नाही. १९४९ हेच साल घेतलं तर ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. सातही वजाबाक्या लागतात!

खुणा शिकवायला पाच मिनिटं पुरतात. लंबगोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट. कललेला चौकोन म्हणजे माहिती आत घेणं किंवा उत्तर बाहेर देणं. आयत म्हणजे काम. आणि प्रश्नाला शंकरपाळी; हा शब्द वापरला की तो आकार कुणी विसरत नाही. शंकरपाळीतून दोन बाण निघतात, एक ‘हो’चा, एक ‘नाही’चा.

सगळं शिकणं त्या दुसऱ्या बाणात आहे, असं मला दरवर्षी नव्याने वाटतं. ‘६१७४ आली का?’ या प्रश्नाचा ‘हो’चा बाण मुलं झटकन काढतात आणि थेट ‘शेवट’कडे नेतात. ‘नाही’चा बाण हवेत लटकत राहतो. ‘नाही आली तर काय करायचं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘परत करायचं.’ पण परत कुठून? एकाने बाण पार वर, संख्या आत घेण्याच्या चौकोनाकडे नेला. म्हणजे प्रत्येक वजाबाकीनंतर यंत्र नवीच संख्या मागणार! दुसऱ्याने बाण बरोबर, अंक उतरत्या क्रमाने लावण्याच्या आयताकडे नेला; पण किती वजाबाक्या झाल्या ते मोजायला काढलेला ‘मोजणी = ०’ हा आयत त्याने त्याच फेऱ्यात ठेवला होता. दर फेरीत मोजणी पुसली जायची, आणि कुठल्याही संख्येला उत्तर एकच यायचं: एक वजाबाकी. तो आयत फेऱ्याच्या बाहेर, वरच्या बाजूला हवा. हे मी सांगत नाही. मुलांना बोट ठेवून एकेक खूण चालायला लावतो, मग त्यांचं त्यांनाच सापडतं.

मागे वळणारा हा बाण संगणकवाल्यांनाही लवकरच लागला. कामाचे टप्पे खुणांनी मांडायची पद्धत अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अभियंत्यांपुढे ठेवली होती, पण ती कारखान्यातल्या कामांसाठी. संगणकाच्या गणितासाठी अशा आकृत्या हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांनी १९४७च्या सुमारास वापरल्या. पुढे १९६६ साली बोम आणि याकोपिनी या दोघा इटालियन संगणकशास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, की कितीही गुंतागुंतीचा फ्लोचार्ट तीनच गोष्टींतून बांधता येतो: एकामागून एक कामं, दोनांतून एकाची निवड, आणि पुन्हा पुन्हा फेरा. आमच्या कापरेकरांच्या आकृतीत या तिन्ही आहेत.

खरी मजा गाड्यांच्या नंबरांनी आणली. एका मुलीने घरच्या स्कूटरचा २१११ घेतला. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. पुढच्या फेरीत ९९९ वजा ९९९, शून्य. आणि मग शून्यच शून्य. कापरेकर चुकले का, असा तिचा चेहरा झाला. चूक आयतात होती: उत्तर ०९९९ असं चार अंकी धरायला हवं होतं. तसं धरल्यावर ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. आपण मनातल्या मनात पुढचा शून्य सांभाळतो. यंत्राला तो आयतात लिहून द्यावा लागतो.

मागच्या बाकावरून कुणीतरी ७७७७ सुचवला. पुण्यात असा नंबर जास्तीचे पैसे भरून घेतात, पण इथे पहिल्याच वजाबाकीत शून्य, आणि ‘नाही’चा बाण जन्मभर फिरत राहणार. मग वर आणखी एक शंकरपाळी आली: ‘सगळे अंक सारखे आहेत का?’

गेल्या शनिवारी तोच फ्लोचार्ट लहान संख्यांवर चालवला. तीन अंकांना ६१७४च्या जागी ४९५ लिहिलं की काम झालं. दोन अंकांना मात्र थांबायची जागाच सापडेना: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. शंकरपाळीत कुठली संख्या लिहायची यावर बराच वेळ गेला. शेवटी त्या स्कूटरवाल्या मुलीने संख्याच खोडली आणि लिहिलं, ‘ही संख्या आधी येऊन गेली का?’ शेजारी एक नवा आयत काढला: ‘आलेली संख्या यादीत लिहा.’ आता दोन, तीन, चार अंक, सगळ्यांना एकच आकृती पुरते. ७७७७लाही पुरते, कारण शून्य दुसऱ्यांदा आला की फेरा थांबतो. वर घातलेली जास्तीची शंकरपाळी तिने खोडरबराने पुसून टाकली.