स्टेंट की स्टोमा?

डिचोलीच्या माझ्या मावशीचं पोट टम्म फुगलं होतं. 3 दिवस शौच नाही, वाराही सरत नव्हता, वर उलट्या. घरात एरंडेल द्यायचं चाललं होतं. नशीब, दिलं नाही! आतडं अडलेलं असताना जुलाबाच्या औषधाने ते फुटूही शकतं. सीटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला कॅन्सरची गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, "स्टेंट घालू, नाहीतर स्टोमा करावा लागेल." मावसभावाने बांबोळीच्या इस्पितळातून मला फोन केला, "अगे ताई, आईच्या हृदयालाही काही झालंय काय?"

हृदयातली नव्हे, ही आतड्यातली स्टेंट. धातूच्या जाळीची नळी, उमलल्यावर साधारण 2 ते अडीच सेंटीमीटर रुंद. गुदद्वारातून दुर्बीण घालून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, गाठीच्या फटीतून आधी बारीक तार सरकवतात आणि तिच्यावरून मिटलेली नळी. पोटावर काप नाही. स्टोमा म्हणजे मात्र ऑपरेशन: गाठीच्या वरचं, म्हणजे जठराकडचं आतडं पोटावर आणून तिथे त्याचं तोंड उघडतात आणि शौच पिशवीत जमा होतं.

एवढं कळलं की घरचे लगेच स्टेंटकडे झुकतात. आम्हीही झुकलो. पण स्टेंटने गाठ जात नाही, वाट तेवढी मोकळी होते. ऑपरेशन होण्यासारखं असेल तर साधारण 2 आठवड्यांची उसंत मिळते. त्यात अंगातलं पाणी, रक्त भरून काढता येतं आणि मग गाठ काढून आतडं तिथल्या तिथे जोडलं जाण्याची शक्यता वाढते. कॅन्सर पसरलेला असेल तर स्टेंट तशीच ठेवतात. धोकेही आहेत: नळी सरकते, पुन्हा तुंबते, क्वचित आतड्याला भोक पडतं. गाठ पूर्ण काढून बरा होऊ शकेल अशा रुग्णात भोक पडलं तर कॅन्सरच्या पेशी पोटात सांडण्याची भीती असते, म्हणून तिथे डॉक्टर दोनदा विचार करतात. आतडं आधीच फुटलं असेल किंवा गाठ गुदद्वाराला अगदी लागून असेल, तर स्टेंट घालत नाहीत. उजव्या बाजूच्या गाठीत बहुधा थेट ऑपरेशन करून आतडं जोडतात.

मावशीला स्टोमाच करावा लागला. पहिल्या दिवशी तिने तोंड फिरवलं. नर्सने हात धरून दाखवलं: ओठाच्या आतल्या बाजूसारखा लालसर, ओला. हात लावला तरी दुखत नाही. तो काळपट पडला तर मात्र तडक डॉक्टर गाठायचे. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. पुष्कळांचा स्टोमा काही महिन्यांनी बंद करता येतो, सगळ्यांचा नाही. हे ऑपरेशनच्या आधीच स्पष्ट विचारून घ्या.

चवथीला मावशी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून नेवऱ्या भरत होती, पिशवी लुगड्याच्या आत. सून म्हणाली, "आई, पडा जरा." ती म्हणाली, "गो, सारण संपू दे."