पांढरी एकमध्ये गाणारं इंजिन

गुऱ्हाळावर डिझेल इंजिन चालू असताना डोळे मिटून उभं राहिलं, तरी चरकात ऊस कधी गेला ते कानाला कळतं. एका लयीत ठोके पडत असतात. चरकाने कांड्यांची मोळी ओढली की लय जड होते, धुराड्यातून काळा भपका निघतो आणि दोन-चार ठोक्यांत इंजिन पुन्हा मूळ चालीवर येतं. त्याच्याजवळ कोणी हात लावून बसलेलं नसतं. भार वाढला, फेरे कमी झाले, म्हणून इंधन वाढवायचं, हा निर्णय इंजिनावरचा गव्हर्नर घेतो.

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरमध्ये नेमकं हेच काम करावं लागतं, फक्त कितीतरी जास्त घाईने. छंद म्हणून ही यंत्रं उडवणाऱ्यांमध्ये '५०' नावाचा एक वर्ग आहे. इंजिन ०.५० घन इंचाचं, म्हणजे साधारण ८ सीसी. दोन पात्यांचा रोटर, प्रत्येक पातं ६०० मिलिमीटर लांब. सगळं मिळून वजन सव्वातीन किलोच्या आसपास. इंधन पेट्रोल नव्हे, तर मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नाही. प्लॅटिनमयुक्त तारेचा ग्लो प्लग एकदा तापवला की मिथेनॉलच्या संपर्काने तो स्वतःच तापलेला राहतो. अशा इंजिनाचे मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे होतात आणि गिअरमधून उतरून रोटर सुमारे १८५० फेऱ्यांनी फिरतो.

हे १८५० जवळपास स्थिर राहायला हवेत. पुष्कळांची समजूत असते की हेलिकॉप्टर वर न्यायचं म्हणजे पंखा जोरात फिरवायचा. प्रत्यक्षात रोटर एकाच वेगाने फिरत राहतो आणि पात्यांचा कोन, म्हणजे पिच, बदलतो. कोन वाढवला की पातं हवा जास्त ढकलतं आणि यंत्र वर जातं. कोन शून्याखाली नेला तर ते जोराने खाली येतं, आणि उलटं झालेलं हेलिकॉप्टर त्याच ऋण कोनावर हवेत तरंगतंही. मात्र कोन वाढला की पात्याला हवेचा विरोधही वाढतो, चरकात ऊस घातल्यासारखाच. त्याच क्षणी इंजिनाने जोर वाढवला नाही तर फेरे पडतात. उचल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून फेरे १० टक्के घटले तर त्याच कोनावर उचल १९ टक्क्यांनी घटते. उडवणारा घाबरून कोन आणखी वाढवतो, फेरे आणखी पडतात. जमीन जवळ असेल तर ही साखळी तिथेच संपते.

फेरे जास्त होणंही तितकंच वाईट. १८५० फेऱ्यांवर पात्याचं टोक ताशी सुमारे ४६५ किलोमीटर वेगाने जात असतं, आणि शंभर-सव्वाशे ग्रॅमचं एकेक पातं आपल्या बोल्टला जवळपास दीडशे किलो वजन टांगल्यासारखं ओढत असतं. ही ओढही वर्गानेच वाढते. म्हणून मी हे यंत्र खेळणं या शब्दाने कधीच ओळखत नाही, आणि रोटर फिरत असताना कोणालाही दहा मीटरच्या आत उभं राहू देत नाही.

गव्हर्नर येण्याआधी, आणि आजही गव्हर्नर बसवण्याआधी, एक साधा उपाय असतो: थ्रॉटल कर्व्ह. थ्रॉटल म्हणजे कार्ब्युरेटरमधली, इंजिनाला जाणारं मिश्रण कमी-जास्त करणारी झडप. ट्रान्समीटरवरची, म्हणजे हातातल्या रिमोटवरची, एकच कांडी पिच आणि थ्रॉटल दोन्ही हलवते. कांडी कुठे असताना कार्ब्युरेटर किती उघडा असावा, ते पाच बिंदूंवर आधी ठरवून ठेवायचं. खऱ्या हेलिकॉप्टरमध्येही ही कल्पना आहे. रॉबिन्सन आर-२२ या दोन आसनी हेलिकॉप्टरमध्ये कलेक्टिव्हचा, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा, दांडा उचलला की यांत्रिक जोडणीतून थ्रॉटलही थोडा उघडतो. तिथे त्या जोडणीला कोरिलेटर म्हणतात आणि उरलेली दुरुस्ती इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर करतो.

कर्व्ह हा अंदाज असतो, आणि अंदाज सकाळच्या हवेचा असतो. दुपारी हवा तापते, टाकी अर्धी होते, मिश्रण बदलतं. मुंबईला समुद्रसपाटीवर बसवलेलं इंजिन घेऊन पुण्याला या: ५६० मीटर उंचीवर हवा सुमारे ५ टक्के विरळ, त्यामुळे तेवढंच इंधन आता जास्त ठरतं आणि इंजिन जड चालतं. शिवाय कर्व्हला फक्त वर-खालीची कांडी कळते. जोरात गिरकी घेतली, शेपटीचा रोटर अचानक कामाला लावला, तर तोही इंजिनावरचा भारच असतो आणि कर्व्हला त्याची खबर नसते. गव्हर्नर भार कशामुळे आला हे विचारत नाही. तो फेरे मोजतो.

मोजण्याची रीत सुरेख आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं चुंबक बसवतात आणि त्याच्यासमोर, एखाद-दोन मिलिमीटरवर, हॉल सेन्सर. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या, वीज वाहणाऱ्या पट्टीत आडवा व्होल्टेज निर्माण होतो, हे एडविन हॉल यांना १८७९ मध्ये दिसलं होतं. चुंबक समोरून गेलं की एक टिचकी, म्हणजे इंजिनाचा एक फेरा. मिनिटाला पंधरा हजार टिचक्या मोजून गव्हर्नर कार्ब्युरेटरचा सर्व्हो, म्हणजे झडप उघडझाप करणारी छोटी मोटर, हलवत राहतो. फुताबाच्या जीव्ही-१ या गव्हर्नरची रचना अशीच आहे.

बसवताना जिथे चुका होतात त्या जागा बहुतेक यांत्रिक असतात, म्हणून तिथे वेळ द्यावा. बऱ्याच सेन्सरांना चुंबकाची एकच बाजू ओळखता येते. उलटं चिकटवलं तर सेन्सर गप्प बसतो. चिकटवण्याआधी सेन्सर चालू करून दोन्ही बाजू समोर धरून बघाव्या आणि योग्य बाजूवर खूण करावी. चुंबकाची जागा ॲसिटोनने पुसून, चांगल्या इपॉक्सीने चिकटवून, रात्रभर तसंच ठेवावं. त्या वेगाने निसटलेलं चुंबक बंदुकीच्या छर्ऱ्यासारखं बाहेर येतं. मग लिंकेज, म्हणजे सर्व्हो आणि कार्ब्युरेटर जोडणारी दांडी. सर्व्होचा हात आणि कार्ब्युरेटरचा हात एकमेकांना समांतर, मध्यावर दोन्ही दांडीशी काटकोनात, आणि पूर्ण प्रवासात कुठेही अडखळ नको. कार्ब्युरेटर पूर्ण बंद केल्यावर इंजिन बंदच पडलं पाहिजे. पूर्ण उघडल्यावर सर्व्हो घूं-घूं करत ताण घेत असेल तर दांडी जोडणारा बॉल सर्व्होच्या हातावरच्या आतल्या भोकात घ्यावा. हे जमल्यावरच गव्हर्नरला वरचं आणि खालचं टोक शिकवायचं.

यानंतर गव्हर्नर बंद ठेवून उडवायचं. ही पायरी नवखे हमखास गाळतात, आणि माझ्या मते सगळ्या बसवणुकीचा जीव इथेच आहे. नीडलने, म्हणजे कार्ब्युरेटरवरच्या इंधनाच्या स्क्रूने, मिश्रण बसवा: एक्झॉस्टमधून धुराची स्पष्ट रेघ दिसायला हवी. कर्व्ह असा बसवा की हेलिकॉप्टर तरंगताना, चढताना आणि उतरताना फेरे ठरवलेल्या आकड्याच्या आसपास राहतील. गव्हर्नर इंजिनात ताकद घालत नाही, असलेली ताकद वेळेवर मागवतो. मिश्रण कोरडं असेल, म्हणजे त्यात इंधन कमी असेल, आणि इंजिन तापून थकत असेल, तर तो बिचाऱ्या इंजिनाचा कार्ब्युरेटर आणखी उघडत जाईल आणि दोष झाकला जाईल, पिस्टन चिकटेपर्यंत. कमाल पिच १२ अंश ठेवली आणि इंजिनाला १० अंशच झेपत असतील, तर थ्रॉटल पूर्ण उघडूनही फेरे पडणारच. तिथे पिच कमी करणं हाच इलाज. आणखी एक कारण: उडताना सेन्सरची वायर तुटली तर बऱ्याच गव्हर्नरांत थ्रॉटल परत कर्व्हच्या हाती जातो. तो कर्व्ह नीट असेल तर हेलिकॉप्टर शांतपणे उतरवता येतं.

आता आकडे भरायचे. पिनियनला, म्हणजे इंजिनाकडच्या लहान गिअरला, १० दाते आणि मुख्य गिअरला ८५ असतील तर गुणोत्तर ८.५. रोटरला १८५० हवे, तर इंजिनाला १५,७२५. दाते स्वतः मोजावे, खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. खरं गुणोत्तर ८ असताना ८.५ भरलं, तर गव्हर्नर इंजिन अगदी प्रामाणिकपणे १५,७२५ वर धरेल आणि रोटर मात्र १९६६ वर पळेल. पात्यांच्या बोल्टवरची ओढ १३ टक्क्यांनी वाढलेली असेल. म्हणून पहिल्यांदा चालू करताना फेऱ्यांचा आकडा मुद्दाम खाली ठेवावा आणि ऑप्टिकल टॅकोमीटरने रोटर वेगळा मोजून बघावा. टॅकोमीटरही तपासून घेता येतो. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटकडे रोखला की दोन पात्यांच्या सेटिंगवर तो ३००० दाखवतो, कारण आपल्या ५० हर्ट्झ विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ही पन्नासची शिस्तही गव्हर्नरांनीच पाळलेली असते. कोयनेच्या टर्बाइनवरचे गव्हर्नर पाण्याचा प्रवाह कमी-जास्त करतात, म्हणून ट्यूबलाइट इतकी नेमकी असते.

मैदानावर मात्र मला सगळ्यात भरवशाचं मोजमाप कान वाटतं. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला एकदा पेटतं. १५,७२५ भागिले ६० म्हणजे सेकंदाला २६२ स्फोट, आणि २६२ हर्ट्झ म्हणजे पेटीवरची मधली पांढरी एक. फेरे ६ टक्के पडले की सूर बरोबर एक पट्टी उतरून पांढरी सातवर येतो. संगीत न शिकलेल्या माणसालाही एवढा उतार कळतो. पिच झटकन वाढवून ऐकावं: सूर हलला का, किती हलला, परत कसा आला?

परत कसा आला, याला फार महत्त्व आहे. गव्हर्नरची तीव्रता, म्हणजे गेन, कमी असेल तर सूर उतरतो आणि रेंगाळत वर येतो. जास्त असेल तर इंजिन 'व्हांव-व्हांव' करत एका सुराच्या खालीवर झोके घेऊ लागतं. फेरे पडल्याचं कळलं, सर्व्हो उघडला, पण इंजिनाला जोर धरायला क्षण लागतो. तेवढ्यात गव्हर्नर आणखी उघडतो, मग फेरे जास्त होतात आणि उलटा झोका सुरू होतो. इंग्रजी बोलीत याला हंटिंग म्हणतात आणि हा रोग वाफेच्या इंजिनांइतका जुना आहे. पिठाच्या पवनचक्क्यांमध्ये जात्याच्या तळ्यांमधलं अंतर राखायला फिरते गोळे आधीपासून वापरले जात. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये ते वाफेच्या इंजिनाला लावले. फेरे वाढले की गोळे बाहेर फाकतात आणि वाफेची झडप मिटू लागते. पुढे इंजिनं सुधारली, घर्षण घटलं आणि झोके वाढले. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गव्हर्नरांवर निबंध लिहून त्याचं गणित मांडलं: यंत्राला धक्का बसला तर विचलन वाढत जाईल, विरत जाईल, वाढते झोके घेईल किंवा विरते झोके घेईल. विद्युतचुंबकीय लहरींचं गणित मांडणारा हाच माणूस. माझ्या हातातल्या सर्व्होच्या व्हांव-व्हांवमध्ये त्याचं समीकरण ऐकू येतं याचा मला दर वेळी आनंद होतो.

झोके दिसले की लगेच गेन उतरवू नये. आधी लिंकेजची ढिलाई बघावी, मग मिश्रण. आणि शेपटीकडेही बघावं. शेपटीचा रोटर मुख्य गिअरलाच जोडलेला असतो, त्यामुळे फेरे हलले की शेपटीचा रेटा हलतो, शेपटी स्थिर धरणारा सेन्सर, म्हणजे जायरो, तो सावरायला शेपटीची पिच बदलतो, त्याचा भार पुन्हा इंजिनावर येतो. दोन यंत्रणा एकमेकींना ढोसत राहतात. फेरे स्थिर झाले की जायरोचं काम निम्मं होतं, असा माझा अनुभव आहे.

विजेच्या मोटरवर हे सगळं फार सोपं झालं आहे. वेगळा सेन्सर लागत नाही. मोटरच्या गुंडाळ्यांत उलट निर्माण होणाऱ्या व्होल्टेजवरून कंट्रोलर फेरे ओळखतो. फक्त मोटर १०० टक्क्यांवर चालवू नये. सहा सेलची लिपो बॅटरी भरलेली असताना २५.२ व्होल्ट देते आणि नंतर उतरत जाते, म्हणून ८० टक्क्यांच्या आसपास चालवली तरच शेवटच्या मिनिटालाही गव्हर्नरच्या हाती काही शिल्लक राहतं.

किती फेरे ठेवायचे, हे हवेवर आणि उडवण्याच्या पद्धतीवर ठरतं. मंगळावर उडालेल्या नासाच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरचा रोटर या '५०' वर्गाच्या जवळचाच, १.२ मीटर व्यासाचा, आणि वजन तर त्याहून कमी, १.८ किलो. पण मंगळावरची हवा पृथ्वीच्या सुमारे एक टक्का दाट, म्हणून १९ एप्रिल २०२१ च्या पहिल्या उड्डाणात तो २५३७ फेऱ्यांवर फिरवावा लागला. त्याच वर्षी ऋतू बदलून हवा आणखी विरळ झाली, तेव्हा ऑक्टोबरमध्ये फेरे २७०० वर नेऊन चाचणी घेतली गेली. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ५० फेरे वाढवताना मला ते आठवतं.

शेवटची सेटिंग थ्रॉटल होल्डची. हे बटण दाबलं की गव्हर्नर पूर्ण सुटला पाहिजे आणि इंजिन मंद चालीवर गेलं पाहिजे. फेरे पडताहेत म्हणून गव्हर्नरने तेव्हा थ्रॉटल उघडला तर अपघात ठरलेला. हेलिकॉप्टरवरच्या रिसीव्हरला सिग्नल मिळेनासा झाला तरीही हेच घडायला हवं, ते फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावरच्या सेटिंगमध्ये, भरून जमिनीवर तपासावं. पाती काढून ठेवून तपासलं तर उत्तम.

इंजिन हवेत बंद पडलं, की त्या क्षणापासून फेरे राखणं हाताकडे येतं. पिच थोडी शून्याखाली न्यायची, खालून येणारी हवा रोटर फिरवत ठेवते. फिरत्या रोटरमध्ये साधारण ६०० जूल ऊर्जा साठलेली असते, अख्खं हेलिकॉप्टर वीस मीटर उचलण्याइतकी. जमीन दोन-तीन मीटरवर आली की पिच वाढवून ती एकदाच खर्च करता येते. इंजिनाचा सूर थांबलेला असतो, फक्त पात्यांची फडफड ऐकू येते आणि ती हळूहळू खाली उतरत जाते. यंत्र गवतावर टेकतं तेव्हा पाती अजून फिरत असतात, आणि ती थांबेपर्यंत मी जागचा हलत नाही.