तग किती दिवस आणि सावरायला किती दिवस?

भूकंप, पूर किंवा आगीने पुरवठा तुटला की बैठकीत दोन आकडे फिरू लागतात. दोन्ही दिवसांत किंवा आठवड्यांत मोजलेले असतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा सर्रास खपून जातो. पहिला सावरण्याचा कालावधी, म्हणजे टाइम टू रिकव्हर. बंद पडलेला कारखाना, बंदर किंवा गोदाम पूर्ण क्षमतेने पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागेल, हे तो सांगतो. दुसरा तग धरण्याचा कालावधी, टाइम टू सर्व्हाइव्ह. तो दुवा बंद असताना उरलेली साखळी ग्राहकांची मागणी किती काळ भागवेल, हे त्यातून कळतं. एमआयटीचे प्राध्यापक डेव्हिड सिम्ची-लेवी यांनी फोर्ड कंपनीबरोबर काम करताना हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवले.

तग सावरण्यापेक्षा मोठी असेल, तर कारखाना जळाला तरी ग्राहकाला पत्ता लागत नाही. उलट असेल, तर मधले सगळे दिवस तोट्याचे.

फेब्रुवारी 1997 मधली गोष्ट. जपानमध्ये कारिया इथल्या आइसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारा एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळाच तिथे बनत होता. टोयोटाकडे त्याचा साठा फार थोडा होता, त्यामुळे काही दिवसांतच तिचे देशातले बहुतेक कारखाने थांबले. मग डझनावारी पुरवठादारांनी आराखडे मागवून जमेल त्या यंत्रांवर व्हॉल्व्ह बनवायला घेतले. शिलाई मशीन बनवणारी ब्रदर कंपनीही त्यात होती. आठवडाभरात उत्पादन बऱ्यापैकी रुळावर आलं. ही सहकार्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण आकड्यांच्या नजरेतून पाहिलं तर सावरणं थक्क करणारं आणि तग अगदीच तुटपुंजी होती. एक उत्तम असलं म्हणून दुसरं आपोआप सुधारत नाही. पैसाही वेगवेगळ्या ठिकाणी खर्च होतो: तग वाढते ती साठ्याने आणि पर्यायी भागाने, तर सावरणं लवकर होतं ते राखीव यंत्रं, मजबूत इमारत आणि दुसरीकडे तयार ठेवलेले साचे यांनी.

‘सावरला’ कधी म्हणायचं, हाही प्रश्न आहेच. 11 मार्च 2011 च्या भूकंपात रेनेसास या जपानी कंपनीचा नाका या गावातला, गाड्यांसाठी चिप बनवणारा कारखाना बंद पडला. ग्राहक कंपन्यांनी मदतीला माणसं पाठवली आणि जूनच्या सुरुवातीला तिथे उत्पादन पुन्हा सुरू झालं. पण चिपला सगळ्या प्रक्रियांतून बाहेर पडायलाच अनेक आठवडे लागतात. यंत्र फिरलं तो दिवस आणि माल हातात आला तो दिवस यांत मोठं अंतर असतं. पुरवठादार ‘आठ आठवडे’ म्हणाला, तर त्यात चाचण्या, मंजुऱ्या आणि वाहतूक धरली आहे का, हे विचारायलाच हवं. माझा अनुभव असा की बहुतेकदा धरलेली नसते. त्यात कंत्राट जाईल या भीतीने आकडा कमीच सांगायचा मोह वेगळाच.

म्हणून सुरुवात तगीपासून करावी, असं मला वाटतं. तिचं गणित मुख्यतः आपल्याकडच्याच माहितीवर होतं: साठा किती, रोजचा खप किती, रस्त्यात माल किती, बदली भाग चालतो का. हजार भागांची गाडी असेल तर सरासरीला काही अर्थ नाही. ज्या भागाचा साठा सगळ्यांत आधी संपतो, तोच तग ठरवतो. आणि तो भाग महागडाच असेल असं नाही. फोर्डच्या अभ्यासात असंच दिसलं की, ज्यांच्यावर वर्षाला फारसा खर्चही होत नाही, असे पुरवठादार बंद पडले तर मोठा फटका बसू शकतो. 2011 मध्येच याचा प्रत्यय आला होता. रंगाला चमक देणारं झिरॅलिक हे रंगद्रव्य मर्क कंपनी तेव्हा जगात एकाच ठिकाणी, फुकुशिमा प्रांतातल्या ओनाहामात, बनवत होती. ते थांबलं आणि फोर्डला काळ्या आणि लाल रंगांच्या काही छटांच्या नव्या ऑर्डरी घेणं थांबवावं लागलं.

साठा मोजताना आणखी एक पाहावं: तो पुरवठादाराच्याच आवारात असेल तर पुरात कारखान्याबरोबर तोही जातो. अशा साठ्याने तगीत एका दिवसाचीही भर पडत नाही.

रेनेसासच्या धड्यानंतर टोयोटाने आपल्या पुरवठादारांना काही महिन्यांच्या चिप साठवून ठेवायला लावल्या. 2021 च्या सुरुवातीला चिपटंचाईने इतर वाहन कंपन्या थांबू लागल्या, तेव्हा टोयोटा बराच काळ चालू राहिली. पण टंचाई लांबली, त्यात आग्नेय आशियातले कारखाने कोविडमुळे बंद पडले. ऑगस्टमध्ये टोयोटानेही सप्टेंबरचं जागतिक उत्पादन सुमारे 40 टक्क्यांनी घटवत असल्याचं जाहीर केलं.