खडकावर का उतरवत नाही?

बोट वेंगुर्ला रॉक्स या भर समुद्रातल्या खडकांवरच्या दीपगृहाजवळ आली की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खाली उतरता येईल ना?" विणीच्या दिवसांत आम्ही नाही म्हणतो. त्याचं कारण निघण्यापूर्वी वाचून घ्या, म्हणजे समोर काय चाललंय ते नीट दिसेल.

या खडकांवर सुरय (टर्न) हे समुद्रपक्षी अंडी घालतात. काळी टोपी, राखाडी-तपकिरी पाठ, कपाळावरून डोळ्याच्या मागे गेलेली पांढरी रेघ. पक्षी-अभ्यासक ह्यूम १८७५ साली इथे येऊन गेले, पुढे १९४०च्या सुमारास दुसरे पक्षी-अभ्यासक हुमायून अब्दुलअलींनी इथल्या सुरयांवर लिहिलं. वसाहत इतकी जुनी आहे.

एवढा किनारा सोडून सगळे याच खडकांवर का? किनाऱ्यावर कुत्री, मुंगूस, कोल्हे असतात, तिथे अंडं टिकत नाही. शिवाय मासळी आज इथे, उद्या तिथे. शेताला कुंपण घालावं तसं समुद्राला घालता येत नाही, मग हद्दीसाठी भांडून काय मिळणार? शेजार मात्र कामाला येतो. गरुड फिरकला की कुणाला तरी दिसतोच, आणि सगळा थवा ओरडत त्याच्या अंगावर जातो.

शेजाराचा उपयोग पोटासाठीही होतो. सुरय खोल बुडी मारत नाही, उडता उडता वरचीच मासळी चोचीने टिपतो. ही बारीक मासळी वर येते ती खालून गेदर (ट्यूना मासे) मागे लागल्यावर. एक सुरय पाण्यावर घिरट्या घालू लागला की त्याचं पांढरं पोट लांबून चमकतं आणि बाकीचे तिकडे वळतात. आमचे तांडेलही (बोट चालवणारे) जाळं टाकण्याआधी आभाळ बघतात ते याचसाठी. उपाशी पक्षी वसाहतीतून पोटभर खाऊन आलेल्याच्या मागोमाग जात असावेत, असं वॉर्ड आणि झहावी या अभ्यासकांनी १९७३ मध्ये मांडलं. त्यावर अभ्यासकांचा वाद आहे, पण समुद्रावर रोज जाणाऱ्याला ते पटतं.

जोडीचं अंडं एकच, कपारीत नुसत्या दगडावर ठेवलेलं. माणूस चढला की थवा उठतो, अंडं उघडं पडतं, आणि दुपारी त्या कातळावर हात ठेववत नाही.

म्हणून बोट लांबच थांबेल, इंजिन मंद राहील. गाणी, फटाके, ड्रोन नकोत. गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी आहेत, तिकडेही आम्ही जात नाही. दुर्बीण हवी असेल तर निघण्यापूर्वीच तांडेलांकडून मागून घ्या.