‘सहकुटुंब, स्वखर्चाने’ : हाताच्या सर्जनांच्या कोकण मेळाव्याची पार्श्वभूमी

हाताच्या सर्जनांच्या आपल्या क्लबचं कोकण मेळाव्याचं निमंत्रण दिवाळीनंतर येतं. मजकूर अर्ध्या पानाचा: तारखा, गाव, खोलीचा दर आणि तळाशी एक ओळ, ‘सहकुटुंब, स्वखर्चाने’. टेंडनला (स्नायू हाडाशी बांधणाऱ्या दोरीला) टाके चार पदरी घालावेत की सहा, यावर क्लबात झाले नसतील एवढे वाद या दोन शब्दांवर झाले आहेत. नव्या सभासदांना ती ओळ नुसती सौजन्याची वाटते, म्हणून तिचा मागचा-पुढचा संदर्भ इथे मांडला आहे.

लांबचा इतिहास थोडक्यात. हाताची शस्त्रक्रिया हा वेगळा विषय झाला तो दुसऱ्या महायुद्धात. 1944 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सर्जनचं जाडजूड पाठ्यपुस्तक आलं. अमेरिकी लष्कराने हाताच्या जखमींसाठी स्वतंत्र केंद्रं काढली आणि 1946 साली तिथल्या मूठभर डॉक्टरांनी शिकागोत आपली संस्था स्थापन केली. इंग्लंडमध्ये 1952 साली एक क्लब निघाला. त्यात जागा मर्यादित, म्हणून 1956 साली तरुणांनी दुसरा काढला आणि त्याला ‘सेकंड हँड क्लब’ असं नाव दिलं. पुढे 1968 साली तिथे राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आपल्याकडची मुळं वेल्लोरची: कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर चाळीसच्या दशकाअखेरीस तिथे टेंडन बदलीच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या.

या सगळ्यातून आपल्या क्लबाने घेतलं ते इतकंच, की संस्था लहान ठेवायची. हात हा अस्थिरोगवाल्यांचा की प्लास्टिक सर्जनचा, हे भांडण मोठ्या परिषदांमध्ये आजही मिटलेलं नाही. इथे दोन्हीकडचे लोक पहिल्यापासून एकाच टेबलावर जेवतात. शिवाय फसलेली केस तीस माणसांसमोर सांगता येते, तीनशेंसमोर नाही. शनिवारी रात्री जेवणाआधी प्रत्येकाने आपली एक बिघडलेली केस मांडायची, ही प्रथा सुरुवातीपासूनची. अट एकच: पेशंटचं नाव नाही, आणि पडद्याचा फोटो कुणी काढायचा नाही.

कोकणच का, तर मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, गोवा या सगळ्यांना ते सारखंच गैरसोयीचं! गमतीचा भाग सोडला तर खरं कारण रेल्वे आहे. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्याआधी लहान मुलं घेऊन आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरायचा म्हणजे वळणागणिक पिशव्या तयार ठेवाव्या लागत. महामार्गाच्या चौपदरीकरणावर भरवसा ठेवून एका वर्षी सगळे गाडीने निघाले. शुक्रवारची ओळखसभा शनिवारी सकाळी झाली. तेव्हापासून मुंबईकरांनी रेल्वेनेच यावं असं ठरलं.

तारीख काढायची पद्धत मात्र खास इथलीच आहे. मे महिना बाद, कारण चाकरमानी, आंबा आणि घाम. मार्चमध्ये शिमगा असतो, गाड्यांना जागा नसते. उरतो जानेवारी-फेब्रुवारी. त्यात शनिवार-रविवार शोधताना आधी पंचांग उघडलं जातं. कोळ्यांचा हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी सव्वाबाराला ओहोटी संपलेली. दुपारी चारला मुलं पाण्यात उतरतात तेव्हा पाणी आत येत असतं. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याला ओढ कमी. पौर्णिमेला याच्या उलट होतं: दुपारच्या आधी उधाणाची भरती आणि चार वाजता जोरदार ओहोटी, माणसाला आत खेचणारी. हिशोब ढोबळ आहे. रत्नागिरी-मालवणला भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, त्यामुळे गावातल्या होडीवाल्याला विचारल्याशिवाय वेळापत्रक छापत नाहीत. पण सत्रं सकाळी साडेसात ते अकरा आणि समुद्र दुपारी, हा साचा या गणितातूनच आला आहे. बाहेरच्यांना तो आळस वाटतो.

सकाळच्या सत्रात भाषणं कमी आणि हातकाम जास्त असतं. टेंडन शिवण्याचा सराव बकऱ्याच्या पायांवर होतो, माणशी दोन. ऐकायला सोपं आहे, बिघडतं मात्र दरवेळी वेगळ्या ठिकाणी. खाटीक पाय विकतो ते सुपासाठी, म्हणून तो केस जाळायला ते भाजून देतो. भाजलेल्या पायातलं टेंडन आखडून रबरासारखं होतं, सुई शिरत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगावं लागतं: भाजू नका, तोडू नका, खुरासकट द्या. मेळावा मार्गशीर्षाच्या अखेरीला आला तर गुरुवारी सांगून उपयोग नाही, माल कमीच असतो. पाय गोठवले तरी चालतात, पण पूर्ण सुटायला सहा-आठ तास लागतात. अर्धवट सुटलेल्या टेंडनमध्ये बर्फाचे कण असतात, त्यात घातलेला टाका फाडून बाहेर येतो. आणि ठेवायचे कुठे? कोकणातल्या कित्येक घरगुती निवासांचं स्वयंपाकघर शाकाहारी असतं. एकदा फ्रीजमध्ये सोलकढीच्या पातेल्याशेजारी ही पिशवी सापडली आणि मालकीणबाईंनी सगळ्यांना रात्रीचं जेवण नाकारलं. चूक क्लबचीच होती. तेव्हापासून मासळीचा थर्माकोलचा खोका, बर्फ आणि दुहेरी पिशवी, तीही अंगणात, कुत्र्यांपासून उंच टांगून.

टाक्याचं माप ठरलेलं आहे: कापाच्या कडेपासून जवळजवळ एक सेंटीमीटर मागून पकड, 4-0 पॉलिप्रॉपिलीनचे चार पदर (पहिला आकडा वाढेल तसा धागा बारीक), वरून 6-0 ची गोल शिवण. मग टेंडन ओढून पाहायचं. फट तीन मिलिमीटरच्या वर गेली तर टाका फसला असं धरतात. खऱ्या पेशंटमध्ये अशी फट एक तर चिकटते, नाहीतर तुटते. शेजारच्या टेबलावर कोंबडीच्या तंगडीतली शीर असते, 10-0 नायलॉनने जोडायला. खाऱ्या हवेत बारीक चिमटे एका रात्रीत गंजतात आणि मायक्रोस्कोपच्या काचेला बुरशी धरते, म्हणून क्लब आता मायक्रोस्कोप आणत नाही. ज्याने त्याने डोळ्यांवरची भिंगं आणायची.

विषयांवरही गावाची छाप पडत गेली. सुरुवातीला यादी मुंबईतच ठरायची: कारखान्याच्या प्रेसखाली चिरडलेले हात, लोकलमधले अपघात. पुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गातले डॉक्टर आपले पेशंट घेऊन येऊ लागले आणि मग यादीत कोयता, ब्रशकटर, चिरेखाणीतलं पातं, जाळं ओढणाऱ्या विंचच्या दोरीत अडकलेलं बोट, काजूच्या टरफलातल्या तेलाने भाजलेले तळवे आले. शिंगाळा माशाचा काटा टोचला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांत, तास-दीड तास बुडवून ठेवायचा, कारण ते विष उष्णतेने मरतं. हे कोळणींना माहीत होतं, एमएसच्या विद्यार्थ्यांना नव्हतं. त्याहून फसवी केस म्हणजे मासे साफ करताना झालेली जुनी जखम: महिनोन्‌महिने सुजलेलं बोट, दुखणं बेताचं, साध्या अँटिबायोटिकला दाद नाही. मायकोबॅक्टेरियम मरायनम नावाचा हा जंतू 30 ते 32 अंशांत वाढतो. लॅबला तसं लिहून दिलं नाही तर ते नेहमीच्या 37 अंशांत ठेवतात आणि रिपोर्ट ‘वाढ नाही’ असा येतो.

आता ती ओळ. पहिल्या निमंत्रणांवर फक्त ‘सहकुटुंब’ होतं, लग्नपत्रिकेतून उचललेलं. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण सगळे सभासद पुरुष होते आणि मराठीत ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको. ‘फॅमिली’ या शब्दाचंही आपण तेच केलं आहे. मग क्लबात स्त्री सर्जन आल्या. त्यांच्या बाबतीत कुटुंब म्हणजे नवरा होतो का? शब्दकोशाने साथ दिली नाही. पुढचे प्रश्न आणखी टोकदार होते. अविवाहित सभासदाने आईला आणलं तर ती कुटुंबात धरायची का? फेलोशिप करणारा मुलगा एकटाच येतो, त्याला खोली कुणाबरोबर? आणि हँड थेरपिस्ट? टेंडन शिवल्यानंतरचे सहा आठवडे पेशंट तिच्या हाती असतो, तरी कित्येक वर्षं ती ‘कुटुंब’ही नव्हती आणि ‘सभासद’ही नव्हती. तिला बोलवायचं, पण कार्यक्रमपत्रिकेत नाव नाही. हे चुकीचं होतं आणि उशिरा सुधारलं.

‘स्वखर्चाने’ हा शब्द नंतर जोडला गेला, आणि त्यामागे पैशांचं भांडण आहे. इम्प्लांट आणि औषध कंपन्या अशा मेळाव्यांचा खर्च उचलायच्या. बायकामुलांच्या खोल्याही त्यातच जायच्या. डिसेंबर 2009 मध्ये वैद्यक परिषदेने नियम आणला: डॉक्टरने औषध किंवा संलग्न आरोग्य उद्योगाकडून स्वतःसाठी वा कुटुंबीयांसाठी प्रवास, पाहुणचार, भेटवस्तू घ्यायच्या नाहीत. त्या नियमाने क्लबात दोन तट पडले. एक म्हणाला, नियम डॉक्टरला आहे तसाच ‘डॉक्टरांच्या संघटनां’नासुद्धा आहे, विषय संपला. 2016 साली संघटनांचा उल्लेख नियमातून वगळला गेला, तेव्हा दुसऱ्या तटाला वाट सापडली: कंपनीने पैसे क्लबला द्यावेत, क्लबने खोल्या घ्याव्यात, डॉक्टरने घेतलंच काय? कागदावर हे बरोबर होतं. पण खोलीत झोपणारं मूल शेवटी डॉक्टरचंच. ‘अकॅडमिक ग्रँट’ या शब्दाखाली भरलेल्या पापलेटचं बिल बसवायला किती शब्दकौशल्य लागतं, हे त्या वर्षांच्या हिशोबवहीत पाहण्यासारखं आहे.

निकाल क्लबाने लावला असं म्हणणं धाडसाचं होईल. तो बाहेरूनच लागत गेला. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की डॉक्टरांना दिलेल्या अशा लाभांवर औषध कंपनीला आयकरात वजावट मिळणार नाही. त्याच वर्षी 1 जुलैपासून असा लाभ देणाऱ्याला दहा टक्के कर कापणं भाग पडलं. ऑगस्ट 2023 मध्ये नवे, जास्त कडक वैद्यकीय आचारनियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. मार्च 2024 मध्ये औषध कंपन्यांसाठी आणि पुढे त्याच वर्षी उपकरण कंपन्यांसाठी आचारसंहिता आली. प्रवास आणि पाहुणचार, तेही कुटुंबीयांसाठी, यावर त्यात सरळ बंदी आहे. कंपन्यांनीच हात आखडता घेतल्यावर ‘स्वखर्चाने’ हा शब्द बहुमताने मंजूर झाला. विरोध करणाऱ्यांत काही जण मनापासून म्हणत होते, की तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्याला चार माणसांचा खर्च जड जाईल. ते खोटं नव्हतं. म्हणून समुद्रासमोरचं रिसॉर्ट सुटलं आणि मेळावा घरगुती निवासांत आला: सामायिक संडास, केळीच्या पानावर जेवण, आंघोळीला बंबाचं पाणी.

त्या बंबाचा एक अनपेक्षित उपयोग झाला. थेरपिस्टच्या सत्रात बोटाच्या स्प्लिंटसाठी थर्मोप्लास्टिकची शीट 65 ते 70 अंशांच्या पाण्यात मऊ करावी लागते. रिसॉर्टच्या किटलीतून उकळतं पाणी यायचं, शीट ताणून लांबायची आणि तिच्यावर बोटांचे ठसे उठायचे. बंबाचं पाणी पसरट परातीत ओतलं, की सहसा हवं त्याच तापमानाला येतं. थर्मामीटर तरी लावतातच.

क्रेडिट पॉइंटचा प्रश्न याच धाग्यातला. परवाना टिकवायला महाराष्ट्रात पाच वर्षांत 30 पॉइंट लागतात, आणि तरुण सभासदांना ते या मेळाव्यातून हवे होते. पॉइंट हवेत तर वैद्यक परिषदेकडे अर्ज, ठरलेलं वेळापत्रक, हजेरीपट ओघाने आले. मग भरती पाहून सत्र अर्धा तास पुढे ढकलता येत नाही. ज्येष्ठांनी नकार दिला. तरुणांचं म्हणणं असं, की ज्येष्ठांचे पॉइंट मोठ्या परिषदांत व्याख्याने देऊन आपोआप जमतात. हा मुद्दा अजून निकाली निघालेला नाही.

2020 आणि 2021 मध्ये मेळावा झाला नाही. पडद्यावर घेतलेल्या सभेत फसलेली केस मांडायला कुणी पुढे आलं नाही. समोर कोण रेकॉर्ड करतंय हे कळत नाही, असं कारण दिलं गेलं. परत भरल्यावर एक नियम वाढला. पूर्वी दिवाणखान्यात एकीकडे पत्ते आणि दुसरीकडे स्लाइड असं चालायचं, आणि एका मुलाने तुटलेल्या बोटाचा फोटो पाहून जेवण सोडलं होतं. आता स्लाइड चालू असताना दार बंद, जेवणाच्या जागी लॅपटॉप नाही, आणि पेशंटचे फोटो कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाहीत. ग्रुप त्यासाठी दोन केले आहेत. चुकून दुसऱ्यावर फोटो टाकणाऱ्याने संध्याकाळी सगळ्यांचे नारळ सोलायचे, तेही हातमोजे घालून.

यंदाच्या निमंत्रणात मात्र ‘सहकुटुंब’ हा शब्दच नाही. त्याच्या जागी रकाना आहे: ‘सोबत किती जण, वयं काय, पोहता येतं का, मासे खातात का’. ‘स्वखर्चाने’ तसाच आहे. फेलो आणि थेरपिस्ट यांच्या खोल्यांचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून, अशी ओळ त्याखाली बारीक अक्षरात आहे.